आडनावाच्या रकान्याने माझं एक वर्ष खाल्लं

अभिजन, म्हणजे सत्ता हातात असलेले मूठभर लोक, यांच्यावर लिहिणारे पॅरेटो, मोस्का, मिशेल्स तुम्ही वाचलेले असणारच, ते परत सांगत नाही. गोव्यातल्या राजकीय अभिजनांवर प्रबंध करणार असाल तर मी जिथे आपटलो तेवढं ऐका.

मी 1963 पासूनच्या आमदार-मुख्यमंत्र्यांचा तक्ता केला. वर्ष, मतदारसंघ, आडनाव, पक्ष. आडनाव बदललं की लाल पेन्सिलीची खूण, म्हणजे अभिजन बदलले. 1973 साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, आणि मी तिथेही लाल खूण केली. बाप-लेक! गोव्यात हे कुणाला ठाऊक नाही? मलाही होतं. पण रकाने भरण्याच्या नादात आपल्याला ठाऊक असलेलंही सुटतं. पर्ये मतदारसंघ बघा. प्रतापसिंह राणे काँग्रेसचे, 2022 ला तिथून त्यांच्या सूनबाई देविया राणे भाजपतर्फे निवडून आल्या. पक्ष बदलला, घर तेच. उलट 'नाईक' तालुक्यागणिक सापडतील. त्यांना एकाच घरातले धरलंत तर नसलेलं घराणं उभं कराल.

म्हणून नातं शोधा. आणि सत्ता कशाच्या जोरावर आली तेही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या शब्दाबाहेर त्याच्या जमिनीत राहणारा मुंडकार जाणार कसा, राहतं घरच त्याच्या भाटात! 1963 ला बहुजनांच्या मतांवर खाणमालक बांदोडकर सत्तेवर आले, 1964 ला कूळ कायदा, 1975 ला मुंडकार कायदा. याला मी अभिजन बदलणं म्हणतो. 2019 चे दहा आणि 2022 चे आठ काँग्रेस आमदार भाजपमध्ये गेले, त्याला नाही. तिथे पॅरेटोला, त्याच्या अभिजन बदलत राहण्याच्या सिद्धांताला ओढू नका.

तयार याद्यांवर विसंबू नका, मार्गदर्शकाच्या सहीवरही नको. माझ्या मार्गदर्शकांनी तो तक्ता न वाचताच सही केली होती. नाव कितीही मोठं असो, कच्चं लिखाण वाचत नाही तो मार्गदर्शक नकोच.

पण धीर सोडू नका. माझा तक्ता फुकट गेला नाही, 'नातं' आणि 'मिळकत' असे दोन रकाने वाढवले. अलीकडच्या उमेदवारांची मिळकत प्रतिज्ञापत्रात मिळते. नात्यासाठी मात्र गावात जाऊन बसावं लागतं. गेल्या महिन्यात डिचोलीकडच्या एका आजींना मी एक जुनं नाव वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तो आमच्या भाटकाराचो भाचो न्हू!" ती लाल खूण मी तिथेच ओसरीवर बसून खोडली.