टर्नरी ऑपरेटर वापरताना या चुका टाळा

प्रॅक्टिकलच्या तासाला एका मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "सर, ७२ टाकले तरी नापासच येतंय." अट बरोबर होती, प्रश्नचिन्ह होतं, कोलन होता आणि एरर एकही नव्हती. टर्नरी म्हणजे एका ओळीत मावणारं इफ-एल्स: आधी अट, मग प्रश्नचिन्ह, अट खरी असतानाचं उत्तर, कोलन आणि खोटी असतानाचं उत्तर. तिची जावास्क्रिप्टमधली ओळ साधारण अशी:

"निकाल: " + गुण >= 35 ? "पास" : "नापास"

(कोडमधली नावं मी इथे मराठीत केली आहेत. जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, त्यामुळे ब्राउझरच्या कन्सोलमध्ये आधी गुण = 72 लिहून ही ओळ जशीच्या तशी चालवून बघा. अंक मात्र इंग्रजीच टाइप करा.)

७२ टाका, १०० टाका, उत्तर "नापास"च येतं. शिवाय "निकाल:" हा शब्दही छापला जात नाही. मुलं या दुसऱ्या गोष्टीकडे बघत नाहीत, पण चूक तिथूनच सापडते. शब्द गेला कुठे? तर तो अटीत जाऊन बसला. टर्नरीची पकड फार सैल असते. बेरीज, तुलना, "आणि", "किंवा" ही सगळी चिन्हं आपापलं काम उरकतात, त्यानंतर प्रश्नचिन्हाचा नंबर लागतो. त्यामुळे इथे आधी "निकाल: " आणि ७२ जोडले गेले आणि मग "निकाल: 72" हा अख्खा मजकूर ३५ पेक्षा मोठा आहे का, असं विचारलं गेलं. त्या मजकुराची संख्या होत नाही, म्हणून तुलना कायम खोटी ठरते. वाचवतो तो कंस:

"निकाल: " + (गुण >= 35 ? "पास" : "नापास")

कंस घाला म्हटलं की बरेच जण तो अटीभोवती घालतात. सी प्लस प्लसमध्ये (तिथे छापायचं काम सीआउट, म्हणजे cout, करतो) त्याचा परिणाम बघण्यासारखा आहे:

सीआउट << (गुण >= 35) ? "पास" : "नापास";

स्क्रीनवर नुसता 1 उमटतो. सीआउटने कंसातली अट उचलली, ती खरी म्हणून 1 छापला आणि ओळ तिथेच आटोपली. पुढे "पास" निवडला गेला खरा, पण त्याला घ्यायला कोणी नव्हतं. उत्तर म्हणून 0 किंवा 1 दिसला की आधी कंस तपासा. अट, प्रश्नचिन्ह, दोन्ही उत्तरं, सगळं एकाच कंसात हवं. जावात पहिली ओळ कंपाइलच होत नाही, कारण स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) आणि संख्या यांची तुलना जावा मान्य करत नाही. तिथे एरर आली तर नशीब समजा. पायथनमध्ये हीच सोय २००६ साली २.५ या आवृत्तीत आली, पण तिथे क्रम वेगळा आहे: आधी खरं असतानाचं उत्तर, मग अट, मग दुसरं उत्तर. कंस विसरलात तर "निकाल:" फक्त पहिल्या उत्तराला चिकटतो आणि नापास झालेल्यांपुढे तो शब्द येत नाही.

तुलनेच्या == ऐवजी एकच = टाकण्याची चूक सगळ्यांना माहीत असते, तरी टर्नरीत ती वेगळीच खोड काढते. जावास्क्रिप्टमध्ये इयत्ता = 9 असताना हे लिहा:

इयत्ता = 10 ? "बोर्डाची परीक्षा" : "शाळेची परीक्षा"

आता इयत्ता किती आहे ते छापून बघा. तिथे ९ नाही आणि १०सुद्धा नाही, तिथे "बोर्डाची परीक्षा" हा मजकूर आहे. टर्नरीपेक्षाही सैल पकड बरोबरच्या चिन्हाची असते. दहा ही संख्या खरी धरली गेली, पहिलं उत्तर निवडलं गेलं आणि ते इयत्तेत भरलं गेलं. मूळ आकडा पुसला गेला, त्यामुळे पुढच्या दहा ओळीही चुकत जातात आणि आपण त्या ओळींमध्येच चूक शोधत बसतो.

गणिताच्या वहीतली सवयही अशीच नडते. 35 <= गुण <= 100 हे वहीत बरोबर आहे आणि पायथनलाही कळतं. सी किंवा जावास्क्रिप्टमध्ये मात्र आधी 35 <= गुण याचं उत्तर निघतं, ते 0 किंवा 1 एवढंच असतं आणि तेच पुढे १०० शी ताडलं जातं. म्हणजे अट कायम खरी. गुण -५ असोत की ५००, पास. दोन तुलना सुट्या लिहून && ने जोडा. सीमध्ये सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून कंपाइल केलं तर जीसीसी हा कंपाइलर या ओळीवर बोट ठेवतो, म्हणून वॉर्निंगकडे डोळेझाक करू नका.

दहावीच्या श्रेणी हा टर्नरीचा आवडता स्वाध्याय: ७५ ला विशेष प्रावीण्य, ६० ला प्रथम श्रेणी, ४५ ला द्वितीय, ३५ ला उत्तीर्ण. इथे बरेच जण ३५ पासून वर चढत जातात. मग ९२ टक्केवालाही पहिल्याच पायरीवर "उत्तीर्ण" होऊन थांबतो, कारण पहिली खरी अट सापडली की पुढचं कोणी वाचत नाही. ७५ पासून खाली उतरा. माझं विचाराल तर चार पायऱ्यांसाठी टर्नरी वापरूच नका, इफ-एल्सची शिडीच वाचायला बरी. पीएचपीत तर एकात एक टर्नरी कंसाशिवाय लिहायला ८.० या आवृत्तीपासून बंदीच आहे. तिथे ती डावीकडून जोडली जायची आणि सी शिकलेल्यांची हमखास फसगत व्हायची.

टर्नरीतून एक किंमत बाहेर येते आणि ती कुठेतरी वापरायची असते. नुसता मोजणीचा आकडा वाढवायला किंवा काही छापायला ती वापरलीत, तर जावा "हे विधानच नाही" म्हणून अडवतो. तिथे इफच लिहा. दोन्ही उत्तरांचा प्रकारही एकच ठेवा. एका बाजूला 1 आणि दुसऱ्या बाजूला 2.0 असेल, तर अट खरी असूनही जावा 1.0 छापतो.

एवढं करूनही उत्तर चुकत असेल तर अट वेगळ्या व्हेरिएबलमध्ये काढा आणि आधी तेवढीच छापा. ती खरी-खोटी बरोबर येत असेल तर दोष कंसात आहे, नसेल तर तुलनेत. आणि तपासताना ७२ किंवा १२ असे मधले आकडे टाकून समाधान मानू नका. ३४, ३५, ७४, ७५ टाका. >= च्या जागी नुसतं > पडलं असेल तर ते ३५ वर आणि ७५ वरच दिसतं.