पणजीच्या चर्चच्या पायऱ्या: पांढरा रंग करडा का येत होता

पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचा फोटो कसाही काढला तरी पोस्टकार्डच व्हायचा. मला हवी होती फक्त पायऱ्यांची नागमोड, इमारत ओळखूही येऊ नये अशी. त्यात शुभ्र भिंत दर वेळी मळकट करडी उमटायची.

करड्याचं कारण आधी सापडलं. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं दृश्य मध्यम करडं आहे असं धरून चालतो. चौकट पांढऱ्याने भरली की तो प्रकाश कमी करतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापकाने ठरवलेला प्रकाश हाताने कमी-जास्त करायची सोय, +१ वर नेलं आणि भिंत पांढरी झाली. +१.७ वर मात्र चुन्याचे बारकावे उडाले, म्हणून परत +१.

खरा फरक पडला तो जागेने. पायथ्याशी उभं राहून कॅमेरा वर केला की उभ्या रेषा आत झुकतात. मी वाइड लेन्स बॅगेत टाकली आणि चौकाच्या पलीकडे, बागेच्या बाजूला गेलो. तिथून दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, २०० मिमीवर, कठड्यांचे टप्पे एकमेकांना चिकटले, खोली गेली, नुसते त्रिकोण उरले. आभाळ आणि घंटा चौकटीबाहेर. लेन्सचं छिद्र एफ/८, आणि ऊन तिरपं. ढगाळ दिवशी सावल्याच नसतात, मग हे आकार उठतच नाहीत.

८ डिसेंबरच्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाच्या, सुमारास जाऊ नका, पायऱ्या रिकाम्या मिळत नाहीत. मला एका फ्रेमसाठी चाळीस मिनिटं थांबावं लागलं, तेही साध्या मंगळवारी.