डिझाइनच्या सर्टिफिकेटला बसण्याआधी

कुपवाड एमआयडीसीत हळदीची यंत्रं बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे मी ड्रॉइंगचं काम बघते. मागच्या वर्षी नोकरी सांभाळून इंजिनिअरिंग डिझाइनचा विद्यापीठाचा छोटा सर्टिफिकेट कोर्स केला. तेव्हापासून आयटीआय, डिप्लोमा झालेली मुलंमुली विचारतात, "ताई, आधी काय तयारी करू?" म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा तासांचा हिशोब घाला. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. लेक्चर, वाचन, असाइनमेंट सगळं त्यातच आलं. कोर्स १० क्रेडिटचा असेल तर ३०० तास झाले, आणि आठवड्याला १० तास काढलेत तर ३० आठवडे. ते कॅलेंडरवर मांडा आणि सबमिशन कुठे पडतंय ते बघा. आपल्याकडे जानेवारीपासून हळद निघायला लागते, त्यामुळे त्याआधीचे दोन महिने आमच्याकडे रोज ओव्हरटाइम. डिसेंबरचं सबमिशन मी दिवाळीच्या सुट्टीत निम्मं उरकून ठेवलं होतं, म्हणून निभावलं.

कागदपत्रांत दहावीच्या सर्टिफिकेटवरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी तर हे सगळ्यात आधी करा. क्रेडिट जमा व्हायला एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिटचं खातं) लागतो, तो डिजिलॉकरवरून निघतो.

गणिताला घाबरू नका, पण दहावीची त्रिकोणमिती, एककांची अदलाबदल आणि बलांचे घटक पाडणं हाताला बसलेलं हवं. सूत्रं नुसती पाठ करू नका. टेबलावरची एक फुटी स्टीलची पट्टी घ्या, टोकाशी आडवी धरून वाकवा, सहज वाकते. आता तीच कडेवर उभी धरून दाबून बघा. पट्टी २५ मिमी रुंद आणि १ मिमी जाड असेल तर उभी केल्यावर ती ६२५ पट ताठ होते, कारण ताठपणाच्या सूत्रात रुंदी एकदाच येते आणि उंचीचा घन येतो. लोखंड तेवढंच, वजन तेवढंच. हे एकदा बोटांना कळलं की छपराचे चॅनल उभे का बसवतात ते कुणी सांगावं लागत नाही.

कॉम्प्युटरवर बसायच्या आधी महिनाभर पेन्सिलने हाताची स्केचेस काढा. वस्तूची कुठली बाजू कागदावर कुठे मांडायची याच्या दोन पद्धती आहेत: भारतात फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालतं, अमेरिकेच्या ड्रॉइंगमध्ये थर्ड अँगल असतं. टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतलं) कापलेल्या शंकूचं चिन्ह बघून ओळखायची सवय लावा, नाहीतर डावं उजवं होऊन जॉब वाया जातो. सॉफ्टवेअरसाठी पैसे घालू नका, फ्रीकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सुरुवातीला पुरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे कारणांची वही. माझी पहिली असाइनमेंट होती हळद पॉलिश करायच्या ढोलाच्या बेअरिंगमध्ये जाणारी हळदीची पूड कशी थांबवायची याची. मी सुंदर ड्रॉइंग काढलं, ४० मिमीच्या शाफ्टला टॉलरन्सही (मापात किती फरक चालेल ते) नीट दिले, आणि मार्क निम्म्याच्या खाली आले. दुसरे कोणते पर्याय पाहिले आणि ते का सोडले, याचा एक शब्दही मी लिहिला नव्हता. डोक्यात सगळं होतं. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं बेअरिंग घेता आलं असतं. बाहेरून फेल्टची रिंग बसवता आली असती. किंवा बेअरिंगच ढोलापासून बोटभर लांब सरकवता आलं असतं. हे सगळ्यात स्वस्त, पण शाफ्टवरचा वाकवणारा जोर वाढतो. आपण कारखान्यातली माणसं हे असं रोज उभ्या उभ्या ठरवतो, फक्त लिहून ठेवत नाही. कोर्सला मार्क त्या लिहिण्यालाच आहेत. म्हणून आजपासून एक वही करा आणि रोज एका वस्तूबद्दल लिहा: हे असं का केलंय, आणखी कसं करता आलं असतं.

माझ्या वहीतलं आवडतं पान मिरजेचं आहे. सतारमेकर गल्लीत सतारीची खुंटी हातात घेऊन पाहिली. ती एका टोकाकडे निमुळती असते, आत दाबली की घर्षणानेच घट्ट बसते, ना स्क्रू ना चिकटवण. आमच्या लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिलचा टेपर, म्हणजे निमुळता दांडा, बसतो तो याच तत्त्वावर. इतकी वर्षं दोन्ही बघत होते, जोड त्या दिवशी लागली.

यंत्र वापरणाऱ्या माणसाशी बोलायची तयारीही आधीच करा. प्रोजेक्टसाठी मी ढोलात हळकुंडं भरणाऱ्या मावशींजवळ दोन तास उभी राहिले. काय अडचण आहे विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही बाळा, बरं चाललंय." पण दर वेळी त्या पालथ्या क्रेटवर चढून झाकणापर्यंत हात पोचवत होत्या. क्रेट २८ सेंटीमीटर उंच होता. ते झाकण आमच्याच ड्रॉइंगमधलं होतं, आणि त्यावर उंचीचं माप मीच टाकलेलं. त्यामुळे प्रश्न विचाराच, पण हात, पाय आणि पाठ काय करतात तेही बघा. टेप खिशात ठेवा. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, त्याआधी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकरी घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासेल अशी भीती होती. चांगल्या नांगरालाही वापरणाऱ्याच्या मनातलं ओळखावं लागलं.

वाचन बहुतेक इंग्रजीत असतं. वहीच्या मागच्या पानांवर शब्द आपल्या भाषेत उतरवा: कन्स्ट्रेंट म्हणजे जे मोडायचंच नाही, जसं बजेट किंवा दारातून जाणारी रुंदी, क्रायटेरिया म्हणजे ज्यावर दोन पर्याय तोलायचे. या दोन्हींची गल्लत खूप जण करतात.

आणि ए३ प्रिंट कुठे निघते ते सांगलीच्या कॉलेज कॉर्नरला आधीच विचारून ठेवा. प्रिंट हातात आली की त्यावरचं एक माप स्वतःच्या पट्टीने मोजा. मशीनने पानात बसवायला चित्र लहान केलेलं असलं तर तिथेच कळतं.