जुने गेम विकायचा फॉर्म बनवताय? या चुका टाळा

‘विक्री सोपी व्हावी म्हणून आम्ही फॉर्ममधले रकाने काढून टाकले.’ जुन्या व्हिडिओ गेमचा ऑनलाइन बाजार उभारू पाहणाऱ्या नव्या मंडळींकडून हे ऐकलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग ते प्रश्न आता कोण विचारतं? कारण प्रश्न कुठे जात नाहीत. विक्रेत्याला विचारले नाहीत तर खरेदीदार चॅटमध्ये विचारतो. तिथेही राहिले तर पार्सल उघडल्यावर तक्रारीतून येतात, आणि तेव्हा त्यांचं उत्तर सगळ्यात महाग पडतं.

आपला विक्रेता कोण, हे आधी डोळ्यांसमोर आणा. तो दुकानदार नाही. कपाट आवरताना त्याला जुने गेम सापडले आहेत, एका हातात गेम आहे आणि दुसऱ्या हातात फोन. आवृत्ती, रीजन (गेम जगाच्या कोणत्या भागासाठी बनला ते), ग्रेड (स्थितीचा दर्जा) यातलं त्याला काही ठाऊक नसतं, पण हातातली वस्तू मात्र दिसत असते. म्हणून माझा नियम असा: वस्तूकडे बघून सांगता येईल तेवढंच विचारायचं, पण ते सगळं विचारायचं.

बारकोड स्कॅन झाला म्हणजे गेम ओळखला, असं समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्या साइटवर बारकोड स्कॅन आला तेव्हा सगळे खूश होतो. बॉक्सची मागची बाजू कॅमेऱ्यासमोर धरा, नाव, कव्हर, कन्सोल सगळं आपोआप भरलं जाईल. एका विक्रेत्याने प्लेस्टेशन २ चे बारा गेम बसल्या बैठकीला लिस्ट केले आणि आठवड्याभरात ते बारा जणांना विकलेही गेले. मग तक्रारी सुरू झाल्या. तीन बॉक्समध्ये भलत्याच गेमची डिस्क होती. एक बॉक्स तर रिकामाच निघाला, कारण त्याची डिस्क कन्सोलमध्येच राहिली होती आणि ते कन्सोल केव्हाच कुणाला तरी देऊन झालं होतं. माणूस अगदी प्रामाणिक होता. त्याच्या मुलांनी वर्षानुवर्षं हाताला येईल त्या बॉक्समध्ये डिस्क ठेवल्या होत्या, आणि आमच्या फॉर्मने त्याला बॉक्स उघडायला एकदाही सांगितलं नव्हतं. चारही रिफंड आम्ही भरले. त्या माणसाने मात्र पुन्हा आमच्याकडे काही विकलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

बारकोड बॉक्सवर असतो, गेम आत असतो. त्या दिवसापासून माझ्या फॉर्ममधला पहिला फोटो उघडलेल्या बॉक्सचा असतो: आतली डिस्क किंवा कार्ट्रिज (कन्सोलमध्ये खोचायची गेमची प्लास्टिकची वडी) दिसलीच पाहिजे. हा फोटो ऐच्छिक ठेवू नका. ‘नंतर टाका’ असं बटण दिलंत तर तो नंतर कधीच येत नाही.

डिस्कवरचा छापील कोडही त्याच फोटोत येतो आणि रीजनचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. प्लेस्टेशन २ च्या डिस्कवर एसएलयूएस असेल तर ती उत्तर अमेरिकेची, एसएलईएस असेल तर युरोपची, एसएलपीएस असेल तर जपानची. या कन्सोलला रीजनचं कुलूप आहे, त्यामुळे एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या कन्सोलवर सरळ चालत नाही. ‘माझा गेम पाल आहे की एनटीएससी?’ (या टीव्हीच्या दोन जुन्या पद्धती, भागागणिक वेगळ्या) याचं उत्तर सामान्य विक्रेता देऊ शकणार नाही, पण ‘डिस्कवरची ही चार अक्षरं कोणती?’ याचं उत्तर कुणीही देईल. पुढच्या पिढ्यांत नियम बदलत गेले. निन्टेंडो ३डीएसला कुलूप आहे, २०१७ च्या स्विचला नाही. प्लेस्टेशन ४ ची डिस्क कुठेही चालते, पण तिच्यासाठी ऑनलाइन घेतलेले गेमचे जादा भाग खात्याच्या रीजनशी बांधलेले असतात. हे सगळं विक्रेत्याला शिकवत बसू नका. कोडवरून तुमच्या यंत्रणेने ओळखावं आणि खरेदीदाराला ठळक दाखवावं.

आणि कॅटलॉगमध्ये गेम सापडला नाही म्हणून विक्रेत्याला दारातून परत पाठवू नका. फोटो घ्या, त्याला पुढे जाऊ द्या, नोंद तुम्ही मागाहून भरा. कॅटलॉग अपुरा असणं ही तुमची अडचण आहे, त्याची नाही.

‘स्थिती: उत्तम, चांगली, बरी’

या तीन शब्दांवर मी जितके वाद सोडवलेत तितके दुसऱ्या कशावरच नाही. विक्रेत्याचं ‘चांगली’ म्हणजे ‘माझ्याकडे चालायची’ आणि खरेदीदाराचं ‘चांगली’ म्हणजे ‘नव्यासारखी’. दोघंही खरं बोलत असतात.

मी ग्रेड विक्रेत्याला निवडूच देत नाही. हो-नाहीचे चार-पाच प्रश्न विचारतो आणि ग्रेड मागे आपोआप ठरतो. खालच्या बाजूला नखाला लागेल असा ओरखडा आहे का? मधल्या भोकाभोवती गोल फिरलेला ओरखडा आहे का? (एक्सबॉक्स ३६० चालू असताना हलवलं की असा पडतो.) छापील बाजू खरवडली आहे का? दिव्यासमोर धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात का?

छापील बाजूचा प्रश्न बहुतेक जण वगळतात, कारण ओरखडा म्हणजे चकचकीत बाजूचा, अशी समजूत असते. पण सीडीमध्ये माहितीचा थर छापील बाजूला, पातळ लाखेच्या लगेच खाली असतो. चकचकीत बाजूकडून जवळपास १.२ मिलिमीटर प्लास्टिक त्याचं रक्षण करतं. म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनची डिस्क, जी सीडीच असते, खालून ओरखडली तरी निभावतं, वरून खरवडली तर ती गेली. डीव्हीडीत हा थर मधोमध, ०.६ मिलिमीटरवर असतो. ब्लू-रेमध्ये तो चकचकीत पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर आहे, म्हणून तिथे वरून कठीण लेप दिलेला असतो.

हा फरक मी उगाच सांगत नाही. आमच्या मदत पानावर एकेकाळी ‘डिस्क ओरखडली असेल तर पॉलिश करून घ्या’ असा सरसकट सल्ला होता. सीडी-डीव्हीडीच्या काळात तो बरोबर होता आणि नंतर कुणी तो पुन्हा वाचलाच नाही. एका मुलीने तो वाचून प्लेस्टेशन ३ च्या दोन डिस्क, म्हणजे ब्लू-रे, घासून घेतल्या. लेप गेला, पाठोपाठ माहितीही. आधी त्या चालत होत्या. सल्ला आमचा होता, नुकसान तिचं झालं. पैसे आम्ही परत केले, पण त्यातल्या एका गेमवर तिच्या भावाचं नाव लिहिलेलं होतं आणि तिला दुसरी प्रत नको होती. तेव्हापासून मी मदत पानावरचं प्रत्येक वाक्य कोणत्या कन्सोलसाठी आहे ते आधी लिहितो, मग वाक्य लिहितो.

कार्ट्रिजसाठी ‘चालते का?’ एवढं विचारणं पुरत नाही. बऱ्याच जुन्या गेम बॉय कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकवायला बटणाएवढी बॅटरी असते. १९९९ मध्ये आलेल्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तीच घड्याळही चालवते, त्यामुळे ती आणखी लवकर संपते. बॅटरी संपली तरी गेम सुरू होतो, फक्त खेळलेलं काही उरत नाही. विचारायचं ते असं: सेव्ह करून, बंद करून, पुन्हा सुरू केल्यावर सेव्ह दिसला का?

आणि प्रत्येक प्रश्नाला ‘तपासलेलं नाही’ हा पर्याय ठेवा, तेही कुठेतरी कोपऱ्यात लपवून नको. कन्सोलच नसलेला माणूस गेम चालवून कसा बघणार? तो पर्याय नसेल तर तो ‘चालतो’ वर टिचकी मारतो. त्याला खोटं बोलायला आपणच लावतो. ‘तपासलेलं नाही’ असं स्पष्ट लिहिलेल्या गेमला कमी किमतीत का होईना, गिऱ्हाईक मिळतं.

बाकीच्या चुका थोडक्यात

वर्णन एआयकडून लिहून घेणं. मला हा शॉर्टकट मनापासून आवडत नाही. मॅन्युअल हरवलेल्या गेमच्या वर्णनात ‘मॅन्युअलसह संपूर्ण संच’ आलेलं मी पाहिलं आहे. विक्रेत्याची एक ओबडधोबड ओळ त्याहून लाखमोलाची.

किंमत सुचवताना लोकांनी मागितलेल्या किमती दाखवणं. मागायला कुणी काहीही मागतं. खरंच विकल्या गेलेल्या किमती दाखवा, नाहीतर काहीच दाखवू नका.

कमिशन शेवटच्या पानावर सांगणं. किंमत टाकतानाच खाली ‘तुमच्या हाती येतील’ ती रक्कम दिसली पाहिजे. इथे लपवाछपवी करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, काम सोडतो.

डाउनलोड केलेले गेम आणि खाती विकू देणं. ते खरेदीदाराच्या हातात कधीच पक्कं पडत नाही, मूळ मालक पासवर्ड परत मिळवू शकतो. बॉक्समधल्या एकदाच चालणाऱ्या कोडचंही तसंच, वापरलेला असेल तर तसं लिहून घ्या. २०२५ च्या स्विच २ बरोबर आलेली गेम-की कार्डं वेगळी आहेत: कार्डात पूर्ण गेम नसतो, तो डाउनलोड करावा लागतो, पण कार्ड दुसऱ्याला विकता येतं. त्यांना वेगळी खूण द्या.

आयफोनचे एचईआयसी (आयफोन ज्या फाइल-प्रकारात फोटो साठवतो तो) फोटो नाकारणं. विक्रेता त्याच क्षणी निघून जातो. आणि फोटोत दडलेलं घराचं लोकेशन काढून टाकल्याशिवाय एकही फोटो बाहेर दाखवू नका.

एकच प्रत दोघांना विकणं. पैसे भरायचं पान उघडताक्षणी ती प्रत काही मिनिटं राखून ठेवा.

अर्धवट फॉर्म न साठवणं. लोक मध्येच दार उघडायला उठतात.

‘अभिनंदन, तुमचा गेम विकला गेला!’ इथेच थांबणं

घाईघाईने बाजार सुरू करणारे लिस्टिंगचं पान महिनाभर घासतात आणि विक्रीनंतरचं पान एका संध्याकाळी उरकतात. विक्रेत्याची खरी धाकधूक मात्र तिथूनच सुरू होते. पाठवायचं कधीपर्यंत, पॅक कसं करायचं, पैसे केव्हा येणार, ही तीन उत्तरं त्याच पानावर हवीत. पैसे पार्सल पोचल्यानंतर काही दिवसांनी देणार असाल तर ते किती दिवस, हे लिस्ट करतानाही सांगा आणि इथेही.

पॅकिंगच्या सूचना हाताने करायच्या कामांच्या भाषेत लिहा. डिस्क मधल्या खुंटीवर घट्ट बसली आहे का, बोटाने दाबून बघा. बॉक्स कानाजवळ हलवा, आत खुळखुळ आवाज आला तर डिस्क सुटली आहे, वाटेत घासणार. पहिल्या प्लेस्टेशनच्या कडक प्लास्टिकच्या केस सहज तडकतात, त्यांना दोन वेढे जास्त.

आणि पाकीट बंद करण्याआधी उघड्या बॉक्सचा आणखी एक फोटो काढायला लावा, लिस्ट करताना काढला होता अगदी तसाच. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नवे लोक हा टप्पा ‘जास्तीचा’ म्हणून काढायला सांगतात, मी काढू देत नाही. तक्रार आली की मी आधी हे दोन फोटो शेजारी शेजारी उघडतो आणि मगच दोघांचं म्हणणं वाचायला घेतो.