करंगळी चेपते? नंबर वाढवू नका
पंजा रुंद असला की दुकानदार सरळ एक नंबर मोठा बूट पुढे करतो. घेऊ नका. लांबी वाढते, टाच आत-बाहेर होते आणि करंगळी चेपायची ती चेपतेच. त्यापेक्षा संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवा. दुकानात बुटातला सुटा सोल काढून त्या आकृतीवर ठेवा. करंगळीची रेघ बाहेर डोकावली, तर बूट परत खोक्यात. धावायच्या बुटांत पुरुषांसाठी डी ही नेहमीची रुंदी, २ई रुंद, ४ई त्याहून रुंद. बायकांसाठी नेहमीची बी, डी रुंद. ‘वापरून सैल होतील’ हे चामड्याला थोडंफार लागू. रेक्झिनच्या बाबतीत त्यावर विसंबू नका.