मिठूचा पिंजरा: ठाण्याच्या हवेत कॅमेलिऑनला घर कसं करावं

माझा धंदा स्लायडिंग खिडक्या आणि मच्छरजाळ्यांचा, दुकान लोकमान्यनगरला. त्यामुळे धाकटीने कॅमेलिऑनचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचा, हट्ट धरला तेव्हा मी म्हटलं, पिंजरा तर काय, दुपारच्या जेवणाआधी होईल. तीन पिंजरे मोडले, चौथा टिकला. नर हिरवागार, म्हणून पोरीने नाव ठेवलं मिठू. गिऱ्हाइकं अजून विचारतात, पोपट कुठाय?

आधी कागदाचं बोलू. येऊरच्या वाटेवर किंवा गावाकडच्या कुंपणावर दिसणारा आपला देशी कॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा, घरी आणायचा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली तो संरक्षित आहे, पकडणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा. पाळायला मिळतो तो व्हेल्ड कॅमेलिऑन, मूळचा येमेन आणि सौदीचा. तोही साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याची नोंद केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. विकणारा 'कागद नंतर देतो' म्हणाला तर सरळ घरी या. आणि पहिला जीव नरच घ्या. मादी नराशिवायही अंडी घालते, तिला ओल्या वाळूची खोल बादली द्यावी लागते, नाहीतर अंडी पोटात अडकून ती मरू शकते. नर ओळखायचा मागच्या पायाच्या टाचेवरून. तिथे बारीक काट्यासारखा कोंब असतो, तो पिल्लालाही दिसतो.

आता माप. मोठ्या नराला दोन फूट बाय दोन फूट बाय चार फूट उंच. उंचीत कंजूषी नको, हा जनावर जमिनीवर राहणारा नाही. काचेची टाकी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. व्हेल्डच्या पिंजऱ्याचे जे तक्ते फिरतात ते बहुतेक थंड देशांतल्या घरांसाठी केलेले असतात, त्यांची सगळी धडपड आत ऊब आणि ओल टिकवायची. आपल्याकडे उलटं आहे. एप्रिलमध्ये पत्रा तापतो, जुलैत भिंतीला बुरशी येते. ठाण्यात पिंजरा करायचा तो वारा खेळवण्यासाठी आणि आतली ओल सुकवण्यासाठी.

मी पाऊण इंची चौकोनी अल्युमिनियम पाइप घेतला, कोपऱ्यांना प्लास्टिकचे जोड. कापलेल्या कडा कानसीने घासून घ्या, बोट फिरवून बघा. पाठीमागची बाजू पांढऱ्या पीव्हीसी शीटची, कारण चारी बाजूंनी उघडं असलं की तो बिचारा कायम दबून बसतो. बाकी तीन बाजू आणि छत जाळीचं.

जाळीत मी आपटलो. पहिल्या पिंजऱ्याला खिडक्यांना लावतो तीच काळी फायबर जाळी, रबर दाबून, एकदम फिनिशिंग. मिठूच्या खाऊसाठी आणलेल्या रातकिड्यांनी दोन रात्रींत कुरतडून भोकं पाडली, घरभर किर्रकिर्र, बायको माहेरी जाते म्हणाली. शिवाय दिव्याखाली ती जाळी वितळायला लागली. दुसऱ्यांदा साधी अल्युमिनियम जाळी, त्यात मिठूचं नख अडकून उपटलं. शेवटी पीव्हीसी कोटिंगची अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून केलेली चौकोनी जाळी. पिल्लू अगदी लहान असेल तर पाव इंची. मच्छरजाळी छतावर लावण्यात आणखी एक तोटा आहे: बारीक विणीत वरच्या ट्यूबच्या यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, बराच भाग अडकतो.

यूव्हीशिवाय कॅल्शियम हाडांत मुरत नाही, पाय वाकतात, जबडा मऊ पडतो. पण इलेक्ट्रिकच्या दुकानात नुसतं 'यूव्ही ट्यूब' म्हणालात तर तो पाणी शुद्ध करायच्या मशीनची ट्यूब हातात देईल. ती यूव्ही-सी, डोळे जाळते, जनावराचे आणि तुमचेही. माश्या मारायच्या यंत्रातली निळी ट्यूबही चालत नाही. सरपटणाऱ्यांसाठीचीच यूव्ही-बी हवी: टी-फाइव्ह म्हणजे बारीक नळीची, सरळ लांब, ५.० किंवा ६ टक्केवाली. ती छताच्या बाहेर ठेवायची, आणि वरच्या फांदीवर बसल्यावर पाठ ट्यूबपासून आठ-नऊ इंचांवर यावी. उजेड दिसत असला तरी वर्षभरात बदला, यूव्ही आधीच संपलेलं असतं. खिडकीतल्या ऊन्हावर भागत नाही, काच यूव्ही-बी गिळते. हे मला माहीत हवं होतं, काचाच तर विकतो.

उबेचा दिवा वेगळा. साधा तारेचा पिवळा बल्ब, छताबाहेर, एकाच कोपऱ्यावर. त्याखालच्या फांदीवर २९ ते ३२ अंश, आणि खाली यायला थंड जागा हवीच. तारवाला थर्मामीटर फांदीलाच बांधा. पहिल्या एप्रिलमध्ये मी सवयीने बल्ब चालू ठेवला, घर आधीच ३४ अंशांवर. मिठू फिका पडून तोंड वासून बसलेला. आता होळीपासून पाऊस लागेपर्यंत बल्ब बंद, फक्त ट्यूब. पिंजरा पश्चिमेच्या भिंतीपासूनही हलवला. रात्री पूर्ण अंधार, लाल दिवासुद्धा नको.

तो वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचा थेंब चाटतो. मेडिकलमधून नवा सलाईनचा सेट आणला, बाटली छतावर टांगली, चाक फिरवून सेकंदाला एक थेंब. खाली मनीप्लांट आणि जास्वंदीची कुंडी, व्हेल्ड पानंही खातो म्हणून रोपवाटिकेची औषधं धुऊन, महिनाभर गॅलरीत ठेवूनच आत. फवारणी सकाळ-संध्याकाळ दोन मिनिटं. पावसाळ्यात फवारणी बंद, थेंब तेवढे चालू. दुपारपर्यंत पानं सुकली नाहीत तर पंखा हळू लावा, झोत पिंजऱ्यावर नको. तळाला माती-भुसा काही नाही, उताराची शीट, एक भोक, खाली ट्रे. शी-शूचा पांढरा भाग केशरी झाला तर पाणी कमी पडतंय.

फांद्या सोसायटीत छाटणी झाली तेव्हा पेरूच्या उचलल्या, धुऊन दोन दिवस उन्हात. त्याच्या पंजाला मुठीत येईल अशी जाडी, काही आडव्या, काही तिरक्या. केबल टायचं टोक मुळाशी कापा, बोचतं. पिंजरा टेबलावर, म्हणजे तो तुमच्या डोळ्यांच्या वर बसेल. वरून हात आला की त्याला घार वाटते. दुसरा कॅमेलिऑन सोबतीला आणू नका, आरसाही समोर नको.

सगळं जोडल्यावर आठ दिवस पिंजरा रिकामाच चालवा. सिलिकॉनचा वास जातो आणि आकडे कळतात. मग त्याला ज्यातून आणलं तो डबा आत ठेवून झाकण काढा, आणि त्याला उचलू नका, आपोआप फांदी धरतो. मिठूने तासभर घेतला. आम्ही चौघं जमिनीवर बसून बघत होतो, तेवढ्यात गॅसवरची भेंडी करपली.