सीझनच्या तोंडावर पीएलसी कोरा सापडला तर

मार्चअखेर गाळप संपलं की आमच्या साखर कारखान्यात सेंट्रिफ्युगल हाउसचे (फिरत्या बास्केटमध्ये साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या मशीनच्या विभागाचे) मेन स्विच खाली येतात. ते पुन्हा वर जातात थेट दसऱ्याच्या आसपास. मधले सहा-सात महिने पॅनेलमधल्या पीएलसीचा, म्हणजे मशीन आपोआप चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा, प्रोग्रॅम अंगठ्याएवढ्या एका लिथियम बॅटरीवर तग धरून असतो. मी इन्स्ट्रुमेंटेशनला बावीस सीझन काढले. या काळात जेवढे पीएलसी कोरे झालेले, म्हणजे प्रोग्रॅम पुसला गेलेले, पाहिले, त्यातले बहुतेक सगळे ऑक्टोबरमध्येच सापडले. गेलेले मात्र असतात जून-जुलैमध्ये कधीतरी, कोणाचं लक्ष नसताना.

ज्या प्रसंगामुळे हे लिहायला बसलो, तो सांगतो. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं होतं, मोळी टाकायला चार दिवस होते. चारपैकी तीन नंबरच्या बॅच मशीनचं पॅनेल चालू केलं तर रन दिवा लागेना. फिटर म्हणाला, "साहेब, पीएलसी कोरा झालाय, लॅपटॉप आणा." लॅपटॉपवर प्रोग्रॅम होता. दहा मिनिटांत टाकला, रन दिवा लागला, सगळे चहाला गेले. गाळप सुरू झाल्यावर त्याच मशीनची साखर ओली उतरायला लागली आणि रंगही उतरेना. लॅडर, म्हणजे पीएलसीतला प्रोग्रॅम, बरोबर होती. पण वॉशचं पाणी किती सेकंद सोडायचं, फुल स्पीडला किती वेळ फिरवायचं, हे सगळे आकडे डेटा रजिस्टरमध्ये (आकडे साठवायच्या मेमरीच्या खणांत) होते आणि बॅटरीबरोबर तेही गेले होते. ते कुठेही लिहून ठेवलेले नव्हते. ही चूक विभागाची, म्हणजे माझी.

आमचे पीएलसी मित्सुबिशीचे एफएक्स२एन. हे मॉडेल २०१२ मध्ये बंद झालं, पण आपल्याकडच्या कारखान्यांत, सायझिंगमध्ये, फाउंड्रीत ते अजून ढिगानं चालू आहे. यात ८,००० स्टेपची रॅम (वीज गेली की पुसली जाणारी मेमरी) आतच असते आणि ती बॅटरीवर टिकते. पुढचं सगळं याच मॉडेलला धरून सांगतो, कारण हातानं केलेलं काम याचंच आहे.

पहिली गोष्ट: लॅपटॉप जोडला की लगेच प्रोग्रॅम टाकायचा नाही. आत अजून काही शिल्लक असेल तर ते तुमच्याच हातानं पुसलं जाईल. आधी दिवे बघा. पॉवर लागलाय, रन बंद आहे, बाकी काहीच नाही, तर रन-स्टॉपची छोटी कळ बघा. सफाई करताना फडक्यानं ती खाली सरकलेली मी दोनदा पाहिली आहे. तेवढ्यावरून प्रोग्रॅम गेल्याची बोंब झाली होती. बॅट-व्ही दिवा लागला असेल तर बॅटरी उतरली आहे, पण प्रोग्रॅम असूही शकतो. प्रोग-ई लुकलुकत असेल तर मेमरीतला मजकूर बिघडला आहे, आणि तोच दिवा स्थिर पेटला असेल तर दुखणं सीपीयूचं आहे, ते वेगळं प्रकरण.

मग केबल जोडून 'रीड फ्रॉम पीएलसी' करा आणि जे येईल ते आजच्या तारखेच्या वेगळ्या नावानं साठवा, कचरा आला तरी. त्यानंतर मॉनिटरमध्ये तीन ठिकाणं बघायची (डी म्हणजे डेटा रजिस्टर, एम म्हणजे प्रोग्रॅममधला चालू-बंद रिले). डी८००५ मध्ये बॅटरीचं व्होल्टेज दहापटीत दिसतं, म्हणजे ३६ दिसलं तर ३.६ व्होल्ट. एम८००५ चालू असेल तर बॅटरी कमी पडली आहे. आणि घड्याळ: डी८०१८ मध्ये वर्ष, डी८०१७ मध्ये महिना, डी८०१६ मध्ये तारीख. घड्याळही त्याच बॅटरीवर चालतं. वर्ष-महिना भलताच दिसला तर बॅटरी मधे कधीतरी पूर्ण बसली होती हे पक्कं धरा, मग लॅडर वरवर शाबूत दिसली तरी डी२०० च्या पुढच्या, बॅटरीवर टिकणाऱ्या, एकाही आकड्यावर विसंबू नका. घड्याळ बरोबर आहे आणि प्रोग्रॅम मात्र बिघडला आहे, असं दिसलं तर कारण बहुधा दुसरं असतं: हलणारी मेमरी कॅसेट, पॅनेलमध्ये गेलेली धातूची कीस, शेजारच्या ड्राइव्हचा नॉइज, अर्थिंग. ही एक तपासणी केली तर अर्धा दिवस वाचतो. मी ती फार उशिरा शिकलो.

लॅडर वाचता आली तर लॅपटॉपवरच्या प्रतीशी 'व्हेरिफाय' करून घ्या. मागच्या सीझनमध्ये रात्रपाळीत कोणीतरी एखादा इंटरलॉक (चुकीच्या वेळी मशीन चालू न देणारी अट) बदललेला असतो आणि तो फक्त पीएलसीत असतो. पीएलसीतून वाचलेल्या लॅडरला सहसा कॉमेंट (समजुतीच्या टिपा) नसतात, कारण पॅरामीटरमध्ये जागा राखून ठेवल्याशिवाय एफएक्समध्ये कॉमेंट जातच नाहीत. म्हणून कॉमेंटवाली प्रत आणि पीएलसीतून वाचलेली प्रत, दोन्ही जपा. मशीन बनवणाऱ्यानं पासवर्ड टाकला असेल तर वाचताच येणार नाही. तेव्हा प्रोग्रॅमची प्रत खरेदीच्या वेळीच लेखी मागून घ्यायला हवी.

आता बॅटरी. एफएक्स२एनची बॅटरी एफ२-४०बीएल, ३.६ व्होल्टची. पुस्तकात आयुष्य साधारण ५ वर्षं दिलंय, पण आपल्या पॅनेलमधली उन्हाळ्यातली उष्णता पाहता मी ३ वर्षांवर जात नाही. बॅट-व्ही दिवा लागल्यापासून महिनाभराची मुदत धरायची. हा दिवा एप्रिलमध्ये बंद पॅनेलला कोण बघणार, हाच तर आपला प्रश्न आहे.

बदलताना आधी प्रोग्रॅमची प्रत घ्या. पॅनेल काही मिनिटं चालू ठेवा, मग पॉवर बंद करा, वरचं झाकण काढा, जुनी बॅटरी होल्डरमधून सोडवा, कनेक्टर उपसा आणि २० सेकंदांच्या आत नवीचा कनेक्टर बसवा. तेवढा वेळ आतला कपॅसिटर मेमरी सांभाळतो. नवी बॅटरी पाकिटातून काढून हाताशी ठेवल्याशिवाय जुनीला हात लावू नका. इथे एक इशारा: अनेक दुसऱ्या पीएलसीत याच्या बरोबर उलट, पॉवर चालू ठेवून बॅटरी बदलायची असते. सीमेन्सचे बॅटरीवाले जुने एस७-३०० तसेच. एकाची सवय दुसऱ्यावर चालवलीत तर चांगला प्रोग्रॅम घालवून बसाल.

स्टोअरमधून आलेली बॅटरी नवी आहे असं समजू नका. तिच्यावरचा निर्मितीचा महिना-वर्ष बघा. या जातीच्या लिथियम बॅटऱ्या बरीच वर्षं पडून राहिल्या की आत लिथियमवर क्षाराचा पातळ थर धरतो. मल्टिमीटर लावला तर ३.६ दाखवते, पण लोड आला की व्होल्टेज बसतं. म्हणून नुसत्या मीटरवर विश्वास न ठेवता बसवून झाल्यावर डी८००५ बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. बाजारातला तसाच दिसणारा सेल आणून वायरी डाग देऊन जोडणारे आहेत. सेलवर थेट सोल्डरिंगची उष्णता देऊ नका, आणि ही बॅटरी चार्ज करायचा विचारही करू नका. तिचा स्फोट होऊ शकतो.

मेमरी बिघडली असेल तर आधी सॉफ्टवेअरमधून पीएलसी मेमरी क्लिअर करून मग प्रोग्रॅम आणि पॅरामीटर दोन्ही टाका. पॅरामीटर विसरले तर लॅच (वीज गेली तरी टिकवायचा भाग) कुठून कुठपर्यंत, हे मूळ जागेवर येतं, आणि मशीन चालतं पण दर वेळी लाइट गेल्यावर काहीतरी विसरतं. ते दुखणं शोधायला आठवडा जातो.

आता आकडे. तीन नंबरच्या मशीनला त्या दिवशी मी काय केलं? शेजारच्या दोन नंबरच्या पॅनेलमधून डी२०० पासूनचे सगळे रजिस्टर वाचून कागदावर उतरवले. मशीन एकाच बनावटीची, त्यामुळे स्पीडचे टप्पे आणि प्लावचे (बास्केटमधली साखर खरवडून काढणाऱ्या पात्याचे) वेळ जुळले. वॉशचा आकडा मात्र जुळेना. तीनचे नोझल वेगळे होते. तिथले जुने मशीनवाले, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांना विचारलं, "मामा, याचं पाणी किती वेळ चालायचं, काही अंदाज?" ते म्हणाले, "अंदाज कशाला साहेब, पाणी सुटलं की मी मनात मोजतो. बाराला बंद व्हायचं. दोनचं नऊला होतं." शंभर मिलिसेकंदाचा टायमर, म्हणून १२० घातलं. पुढच्या चार्जला (बास्केटच्या पुढच्या भरणीला) साखर स्वच्छ उतरली. वीस वर्षं एका मशीनपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला विचारायच्या आधी मी दीड दिवस कागद शोधण्यात घालवला होता, ही खंत अजून आहे.

प्रोग्रॅम आणि आकडे टाकून झाले तरी मशीन लगेच पाकावर घेऊ नका. १,७५० किलोची भरलेली बास्केट फिरत असताना प्लाव आत आला तर काय होईल, हे सेंट्रिफ्युगलवर काम केलेल्याला सांगायला नको. रजिस्टरमध्ये शून्य किंवा कचरा असेल तर टायमर क्षणात संपतो आणि पुढचा टप्पा धावत येतो. म्हणून आधी मोटर आणि व्हॉल्व्हचा पुरवठा बंद ठेवून फक्त आउटपुटचे दिवे बघत एक पूर्ण सायकल चालवा. मग प्लावचा वायरिंगमधला स्पीड इंटरलॉक हातानं तपासा. तो फक्त लॅडरमध्ये असेल तर मशीन चालवू नका, आधी तो वायरिंगमध्ये घ्या. त्यानंतर रिकामी बास्केट. त्यानंतर अर्धा चार्ज. शिफ्ट इनचार्ज घाई करतील. करू द्या.

नवी बॅटरी घालूनही प्रोग्रॅम पुन्हा गेला तर पॉवर आधी पाच मिनिटं, मग तासभर, मग रात्रभर बंद ठेवून दर वेळी तपासा. पाच मिनिटांतच गेला तर बॅटरी बोर्डापर्यंत पोचत नाही: कनेक्टरची पिन वाकलेली, वायर तुटलेली, नाहीतर बोर्डावर गंज. आमच्याकडे बगॅसची (उसाच्या चोथ्याची) धूळ आणि वाफ मिळून पिनांवर हिरवट थर येतो. रात्रभरानं गेला तर बॅटरीच कमकुवत, किंवा बोर्ड तिला जास्त ओढतोय. अशा बोर्डावर वेळ घालवू नये, सीझनभर त्याची धास्ती राहते.

दिवा लागलाच नव्हता, मग बॅटरी कशी उतरली, असा प्रश्न पडला तर लॅडरमध्ये एम८०३० शोधा. हा रिले चालू केला की बॅट-व्ही दिवा बंद राहतो, बॅटरी मेली तरी. चार नंबरच्या लॅडरमध्ये मला तो सापडला, कोणीतरी दिव्याची तक्रार मिटवण्यासाठी घातलेला. काढून टाकला आणि त्याच जागी एम८००५ वरून पॅनेलच्या दारावर पिवळा दिवा दिला. पीएलसीवरचा बारीक दिवा दार उघडल्याशिवाय दिसत नाही, हा येता-जाता दिसतो.

ईईप्रॉमची मेमरी कॅसेट लावली की काळजी मिटली, असं बरेच जण समजतात. कॅसेट लावल्यावर पीएलसी तिच्यातलाच प्रोग्रॅम चालवतो आणि तो बॅटरीशिवाय टिकतो, हे खरं. पण डेटा रजिस्टर, लॅच रिले आणि घड्याळ तेव्हाही बॅटरीवरच असतात. म्हणजे मला जो फटका बसला तो कॅसेट असूनही बसला असता. त्यासाठी लॅडरमध्येच सोय केली. डी२५० मध्ये १२३४५ हा आकडा खूण म्हणून ठेवला. रनला येताना एम८००२ च्या पहिल्या पल्सवर ही खूण तपासली जाते. खूण नसेल तर वॉश, स्पिन, प्लाव सगळ्यांचे ठरलेले सुरक्षित आकडे आपोआप भरले जातात आणि अलार्म येतो. ऑपरेटरनं अलार्म मान्य करून आकडे पाहिल्याशिवाय सायकल सुरू होत नाही. पंधरा-वीस ओळींची लॅडर आहे ही.

एफएक्स१एस, एफएक्स१एन किंवा डेल्टाचे छोटे पीएलसी असतील तर प्रोग्रॅम ईईप्रॉममध्येच असतो, बॅटरी नसते. त्यांचा प्रोग्रॅम 'गेला' म्हणाल तर आधी कळ, मग पुरवठा, मग बोर्ड बघा.

यंदा एप्रिलमध्ये आम्ही पीएलसीच्या कंट्रोल सप्लायची वेगळी लाइन काढली. मोटरचे मेन बंद आणि कुलपात, पण पीएलसीचे एमसीबी चालू. पॉवर असेपर्यंत बॅटरी खर्च होत नाही आणि पावसाळ्यात पॅनेलही थोडं कोरडं राहतं. त्या एमसीबीवर लाल रंगात 'बंद करू नये' लिहिलंय. दर महिन्याच्या एक तारखेला डी८००५ चा आकडा वहीत जातो. चारही पॅनेलच्या दारात आतून प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद आहे: बॅटरी बसवल्याची तारीख, प्रोग्रॅमच्या प्रतीचं नाव, डी२०० पासूनचे आकडे. तीन नंबरच्या कागदावर वॉशच्या आकड्यापुढे मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'बारा. नोझल बदलल्यास पुन्हा मोजणे.'